दादाच्या हातचं साखरपाणी

बायको कडक सोमवार करायची. संध्याकाळी उपास सोडायच्या आधी तिच्या अंगात यायचं. घाम सुटायचा, ती बडबडायची, मलाही ओळखायची नाही. चिंचवडच्या आमच्या चाळीतल्या बाया कुंकू लावून तिच्या पाया पडायच्या. मी नारळ आणायला धावायचो.

एका सोमवारी तिचा थोरला भाऊ आला होता. औषधाच्या कारखान्यात नोकरीला. त्याने तिच्या तोंडात साखरपाणी ओतलं. थोड्या वेळात ती उठून बसली. "दादा, कधी आलास?" मी शेजारी नारळ घेऊन उभा.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वादुपिंडात गाठ आहे, ती इन्शुलिन सोडत राहते, म्हणून रक्तातली साखर उतरते. उपास बंद. पोट उघडल्यावर यकृतातही त्या गाठीची पिल्लं सापडली. मोठी गाठ काढली, बाकीच्या ठेवल्या.

"त्याही काढा. काय लागेल ते बोला."

"शेठ, हा भंगाराचा लिलाव नाही. सगळं यकृत काढलं तर माणूस उरत नाही."

कारखान्यांचं भंगार उचलून मी वर आलो. 'नाही' म्हणजे माझ्या लेखी समोरच्याचा पहिला भाव. मुंबईचा औषधबाजार पालथा घातला. पण परदेशी इंजेक्शन मिळवलं मेहुण्याने, कारखान्यातल्या साहेबाच्या ओळखीनं. त्या इंजेक्शनने तिला भडाभडा उलट्या व्हायच्या, तरी झटके कमी झाले. "भाऊ असावा तर असा!" चाळ म्हणायची. उलट्यांची बादली मीच धरत होतो.

उरलेले झटके पहाटे यायचे. तेव्हा मी पाजायला गेलो की ती चावायची. म्हणून मेहुणा पहिल्या शिफ्टला जाताना घरी थांबून तिला साखरपाणी पाजायचा.

"दाजी, तुम्ही ओरडता, बायडी बिचकते."

"मग माझ्याच घरात कुजबुजू का?"

एका पहाटे त्याच्या गावाहून, कुरुळीहून येणारी बस चुकली. इकडे बायको घामाने निथळत होती, डोळे फिरवत होती. मी पेला पुढे केला, तिने उडवला. दुसरा भरला. दातखीळ बसली तर संपलंच. मी आवाज खाली आणला, अगदी त्याच्यासारखा.

"बायडे, पी गं."

"दादा?"

"हो, दादाच. पी."

तिने पेला रिकामा केला.

उजाडल्यावर मेहुणा धापा टाकत आला. बहीण उशीला टेकून बसलेली बघून थबकला. "कुणी पाजलं?"

"असं काय करतोस? तूच की मघाशी," ती म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भांडी आपटत चहा ठेवला.