चपलेचा डिंक आणि रेल्वेचे रूळ

बाळांनो, तुमच्या खेळण्यातल्या इंजिनाचं काय झालं ते सांगते. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त साहेब राहतात. छोट्या रेल्वेचे रूळ ते विकत आणत नाहीत. लाकडी पट्ट्यांवर स्वतः चिकटवतात. बोलण्याआधी घसा असा खाकरतात, जणू समोर सभा भरली आहे.

कामोठ्याच्या दुकानदाराने त्यांना चपला चिकटवायचं पिवळं सोल्यूशन सुचवलं. ऊब दिली की ते सैल होतं आणि चुकलेला रूळ सरकवता येतो.

"चपलेचा डिंक?" साहेब मला म्हणाले. "वहिनी, मी काय जोडे शिवतो?"

त्यांनी क्षणात चिकटणारा डिंक आणला. रूळ क्षणात चिकटले, तेही वाकडे. मग चाचणीसाठी तुमचं इंजिन मागून नेलं. ते वळणावर दर वेळी घसरलं. मी वर गेले तेव्हा साहेब कानशीने इंजिनाची चाकं घासत होते.

"अहो, रूळ उखडा की."

"मी केलेलं काम उखडत नाही."

मी इंजिन काढून घेतलं, पण एका चाकाची कड गेलीच होती. परवा जिन्यात म्हणाले, "वहिनी, आता नीट बघा. त्या इंजिनाची चाकं मुळातच सारखी नाहीत."