मुका हात

हातमोजे घ्यायला आलेलं गिऱ्हाईक साधारण काय करतं? मोजा चढवतं, दोनदा मूठ वळून पाहतं, 'बरोबर बसला' म्हणतं आणि घासाघीस सुरू करतं. श्रावणभाऊ तसं काही करत नसत. ते मोजे घालून माझ्या दुकानातल्या स्टुलावर चांगला अर्धा तास बसून राहत. मधूनमधून समोर ब्रेक असल्यासारखी हवेतच बोटं आवळत. मग मोजे काढून खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवत आणि स्वतःचेच हात उलटेपालटे करून, बोटांच्या बेचक्यांसकट, मन लावून निरखत.

नागभीडला माझं मोटारसायकलच्या सामानाचं दुकान आहे. सीट कव्हरं मी स्वतः शिवते. हेल्मेट, आरसे, हातमोजे विकायला ठेवते. दुकान वडिलांचं. ते गेल्यावर मी बसायला लागले, आणि बोलण्यात कुणाला हार जायची मला सवय नाही, म्हणून ते चाललंही. तर हा पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टातला माणूस पहिल्यांदा आला आणि स्वतःच्या हातांकडे पाहतच राहिला, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, येवढं का पाहून राह्यले? लगनाची रेघ शोधून राह्यले का?"

"लगन होऊन तीस सालं झाले, बाई," ते हसून म्हणाले. "लाली पाहून राह्यलो. माहा हात मुका हाय. कुठी टोचलं, कुठी दाबलं, थो सांगत नाई. मंग त्याच्यासाठी डोळ्यानंच पाहा लागते."

मुका हात म्हणजे काय ते मला कळलं नाही. माझा चेहरा पाहून त्यांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. लहानपणी त्यांना कुष्ठरोग झाला होता. घरच्यांनी चट्टा लपवला आणि औषध मिळायला उशीर झाला. रोग विशीतच पूर्ण बरा झाला, पण तोवर नसा गेल्या होत्या. उजव्या हाताच्या बोटांना तेव्हापासून ना गरम कळत होतं, ना टोचलेलं.

खोटं कशाला बोलू, मी घाबरले. त्यांनी दोन जोड्या घालून पाहिल्या आणि एक घेतली. दुसरी मी कपड्याने उचलली आणि दोन दिवस मागच्या अंगणात उन्हात टाकून ठेवली. पुढच्या खेपेला आल्या आल्या त्यांनी विचारलं, "बाई, त्या जोडीले ऊन दाखवलं का?" माझी मान वर होईना. "दाखवा, दाखवा," ते म्हणाले. "पन चामड्याले कडक ऊन नाई चालत, भेगा पडतात. आन माह्यापासून तुम्हाले काही होत नाई, थेही ध्यानात ठेवा." आवाजात रागाचा लवलेश नव्हता, म्हणून तर जास्त लागलं. मी दोन कप चहा मागवला आणि त्यांच्यासमोर बसून प्यायले. माफी मागायची मला तेवढीच पद्धत ठाऊक होती.

ते एका संस्थेत कामाला होते. सोमवारी मोटारसायकल काढायची, कुरखेड्याकडच्या आतल्या गावांत फिरायचं आणि शनिवारी नागभीडजवळच्या आपल्या गावी परतायचं. कुणाच्या अंगावर चट्टा दिसतो का पाहायचं, त्याला गोळ्या पोहोचवायच्या, तो त्या गिळतो का तेही पाहायचं. गावोगाव त्यांना 'गोळीवाले भाऊ' म्हणत. त्या गावांना एसटी नाही, रस्ता म्हणजे जंगलातली मुरमाची वाट. डॉक्टरांनी कितीही सांगितलं की हा रोग बरा होतो, तरी लोकांना पटत नसे. मग श्रावणभाऊ उजवा हात पुढे करत. "मले होती हे बिमारी. आता बोटं मोजा. पाच हायत का नाई?" लोक खरोखरच मोजत. "माह्याजवळ डिग्री नाई, बाई," ते मला म्हणाले होते, "हा हातच माहं सर्टिफिकेट हाय."

म्हणजे हातमोजे ही त्यांच्यासाठी चैनीची गोष्ट नव्हती. आमच्याकडच्या मे महिन्यात उभ्या गाडीचं ब्रेकचं दांडकं धरलं तर शहाणा माणूस हात झटकतो. मुका हात झटकत नाही, भाजत राहतो. फोड येतो, तो कळत नाही. त्याची जखम होते, ती हाडापर्यंत जाते आणि एक दिवस बोट जातं. तीस वर्षं त्यांनी ती पाच बोटं डोळ्यांनी राखली होती.

हातमोजा कसा निवडायचा हे मला त्यांनी शिकवलं, नाहीतर तोवर मी फक्त विकत होते. ते आधी बोटं उलटी करून आतली शिवण पाहत. जाड शिवण बोटाच्या टोकाशी आली की जोडी बाद. मग बोटाच्या पुढे तांदळाच्या दाण्याएवढी जागा उरते का पाहत, आणि मूठ वळली की बेचक्यात चामडं ताणतं का तेही. तळहातावर दुहेरी चामडं हवंच, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो. मनगटाचा पट्टा घट्ट हवा, पण त्याचा वळ उठता कामा नये. शेवटी मोजा घातलेल्या हाताने ते काउंटरवरची आगकाडी उचलून पाहत. "जाड घ्याल त ब्रेक नाई सापडत, पातळ घ्याल त चामडी नाई सापडत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हशीचं चामडं दणकट पण आडमुठं, बकरीचं नरम आणि समजूतदार, हेही त्यांचंच. माझा धंदा त्यामुळे वाढला. कॉलेजच्या पोरांना मी छातीठोकपणे आतली शिवण दाखवायला लागले आणि पोरं मला एक्स्पर्ट समजायला लागली.

एकदा ते फाटका मोजा घेऊन हसत दुकानात शिरले. वळणावर मोहाच्या फुलांचा सडा पडला होता, त्यावरून चाक सरकलं आणि ते पडले. तळहातावरचं वरचं चामडं पार सोलून निघालं होतं. "पाहा बाई, हे माही चामडी होती," असं म्हणून त्यांनी तो मोजा काउंटरवर ठेवला आणि आतला कोरा हात मला दाखवला. मी कधी नव्हे ते पेढे मागवले. पडल्याचे पेढे खाणारी माणसं आम्ही दोघंच असू.

मग तो दसरा आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. गाड्यांची पूजा असते, जो तो नवं कव्हर, नवे आरसे, रंगीत गोंडे मागतो. त्या गर्दीत श्रावणभाऊ आले. जुनी जोडी टाक्यांतून उसवली होती आणि दसरा झाला की लगेच त्यांना निघायचं होतं. बकरीच्या चामड्याची त्यांच्या मापाची जोडी संपली होती. म्हशीच्या चामड्याची एक उरली होती, दिसायला देखणी, मापाने जरा लहान. त्यांनी ती घातली. स्टुलावर कुणीतरी हेल्मेटांचा ढीग रचला होता, त्यामुळे बसायला जागा नव्हती. गर्दीतून हात उंच करून त्यांनी विचारलं, "बाई, तंग त नाई होऊन राह्यला?"

त्या माणसाने आयुष्यात हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला नसेल. मी दोन माणसांच्या खांद्यांवरून हात लांबवला, बोट एकदा दाबलं आणि म्हटलं, "चामडं हाय, भाऊ. दोन दिवसात सैल होते."

हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा बोलते. ते खोटंही नाही. पण ज्याला तंग लागतं तो माणूस तोवर मोजा काढून ठेवतो, हे त्यात धरलेलं असतं. ज्याच्या हाताला काही लागतच नाही, त्याला हे वाक्य सांगायचं नसतं. हे जगात ज्या थोड्या माणसांना ठाऊक असायला हवं होतं, त्यांतली एक मी होते.

चारेक महिने ते दिसले नाहीत. होळीच्या आधी एका दुपारी ते दुकानात आले. बाहेर मोटारसायकल नव्हती, एसटीने आले होते. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही मुळापासून गेली होती.

मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं. पहिल्याच संध्याकाळी बेचक्यात लाली दिसली होती. एरवी त्यांनी मोजा तिथेच फेकला असता. "पन तुम्ही दोन दिवस म्हनलं होतं, म्हनून म्हनलं दोन दिवस पाहाव." दुसऱ्या दिवशी फोड आला, तो फुटला. गावं ठरलेली होती, गोळ्या पोहोचवायच्या होत्या. जखम चिघळली, हाडाला लागली आणि मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत बोटं वाचवण्यासारखी उरली नव्हती.

मी काउंटरवर डोकं टेकून रडले. त्यांनी रडू दिलं. मी म्हटलं, "माह्यामुळं झालं, भाऊ." दुसरा कुणी असता तर 'नाही हो, नशीब' म्हणाला असता. श्रावणभाऊ विचार करून म्हणाले, "हाय थोडं तुमच्यामुळं. थोडं माह्यामुळंही हाय. डोळे त माहेच होते ना."

पण ते दोष वाटून घ्यायला आले नव्हते. कुरखेड्याकडच्या एका गावात टिकाराम नावाचा त्यांचा पेशंट होता, तिशीतला, मजुरी करणारा. बारा महिन्यांच्या गोळ्यांतले पाच महिने झाले होते. श्रावणभाऊंचा तसा हात पाहून तो म्हणाला, 'बिमारी बरी होते म्हनत होते ना? मंग बोटं कुठी गेले?' त्याच दिवसापासून त्याने गोळ्या बंद केल्या. रोगाने नव्हे, हातमोज्याने बोटं गेली असं यांनी परोपरीने सांगितलं. त्याला ती थाप वाटली. "तुम्ही एकडाव चला, बाई," श्रावणभाऊ म्हणाले. "ज्यानं मोजा देला त्याच्या तोंडून ऐकन त मानन थो. उशीर झाला त त्याचाही हात मुका होईन."

मी म्हटलं, "होळी झाली का येईन."

होळी झाली. त्यांचा फोन आला. मी म्हटलं, लग्नसराई आहे, शिलाईचं काम अंगावर आहे. ते काम खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. एका परक्या माणसासमोर उभं राहून 'ही बोटं मी घालवली' असं म्हणायची मला लाज वाटत होती. गिऱ्हाइकाला तोंड देणारी मी, तिथे माझी जीभ उचलत नव्हती. मे महिन्यात त्यांनी पुन्हा फोन केला. तेव्हाही मी 'पाहते, भाऊ' म्हटलं. त्यांनी जोर केला नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता.

पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ते गेले. मला उशिराच कळलं. त्यांच्या घरी गेले तेव्हा भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली त्यांचा फोटो होता. फोटो जुना होता, त्यात उजवा हात टेबलावर ठेवलेला आणि पाचही बोटं दिसत होती. वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुमचं नाव काढत होते. बाई येईन म्हनत होते." मी त्यांच्याकडून टिकारामच्या गावाचा पत्ता घेतला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी गाडी काढली. गावात पोहोचले तेव्हा टिकाराम बांधावरून घरी येत होता. मी नाव सांगितलं, दुकान सांगितलं आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. दसऱ्याची गर्दी, तंग मोजा, माझे दोन दिवस. म्हटलं, "बिमारी त त्यायची तीस वर्साआधीच बरी झाली होती. बोटं माह्यामुळं गेले. तुम्ही गोळ्या सुरू करा."

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. गोळ्या घेईन म्हणाला. मग त्याने आपला डावा हात पुढे केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं. त्याने दुसऱ्या हाताने ती सरळ करून दाखवली. सोडल्यावर ती पुन्हा वळली.

"भाऊ सांगून गेले होते का एक बाई येनार हाय," तो म्हणाला. "तवा हे बोटं सरळ होते. उन्हाळाभर वाट पाह्यली. तुम्ही काऊन नाई आले, बाई?"