रविवारी सकाळी नऊ वाजता

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. आमच्या कॉलनीत कुणाच्या अंगात आलं की मी पुढे जाऊन विचारायचे, "बाई, चहा घेणार की सरबत?" तेव्हा इथले वाचक मला हसले तर माझी तक्रार नाही. मीही हसलेच असते...

घर नाशिकचं, सिडकोतलं, अंबडच्या बाजूला. खाली आम्ही, वर माझ्या थोरल्या जाऊबाईंचं बिऱ्हाड. त्यांना आम्ही अक्का म्हणायचो. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. वर आता त्यांचा मुलगा संजय आणि सून मंगल राहतात. आमच्यात बोलणं कामापुरतं — पाण्याची मोटर लावलीत का, गेट लावून घ्या, एवढंच.

माझा मुलगा प्रशांत दोहाला नोकरीला आहे. त्याने दिवाळीत आपल्या लेकीसाठी, म्हणजे माझ्या ओवीसाठी, गेमचा कन्सोल पाठवला. ओवी दहा वर्षांची. ठरलं असं, की दर रविवारी सकाळी नऊला, प्रशांत ड्युटीवर जायच्या आधी, बापलेकीने एक तास एकत्र खेळायचं आणि हेडफोनवर बोलायचं. आठवड्यात बापाचा निवांत असा तेवढाच तास. शनिवारपासून पोरगी घड्याळ बघायची.

कन्सोल वायफायला जोडला मीच. हसू नका, एकोणतीस वर्षं अंबडच्या कारखान्यात मोटर वायंडिंगला होते, वायरला घाबरणारी बाई नाही मी. टीव्हीवर आजूबाजूच्या सगळ्या वायफायची यादी आली, त्यात आपलं नाव निवडलं, त्या रिमोटसारख्या दांड्याने एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकला. बरोबरची खूण आली. सोमवार ते शनिवार झकास चाललं.

रविवारी नऊला बंद!

यादीत शेजारच्यांची सगळी नावं, आपलंच गायब. माझ्या मोबाईलला मात्र तेच वायफाय फुल्ल. दहा वाजले आणि नाव आपोआप परत. तोवर प्रशांत ड्युटीवर गेलेला.

मी जिन्यात उभी राहून ओरडले, "मंगल, वर काही मशीन लावलंय का गं आमचं नेट अडवायला?"

वरून उत्तर आलं, "काकू, तुमचं काही अडवायला आम्हाला वेळ नाही. अडवाअडवी तुमच्या खालच्या मजल्यावरची."

दुसऱ्या रविवारी परत तेच. ओवीने हेडफोन काढला आणि विचारलं, "आजी, 'माले मालूम शे' म्हणजे काय?"

माझ्या हातातली परात खाली पडली.

"कुठे ऐकलंस?"

"बंद पडायच्या आधी एक बाई बोलली. चिडली होती."

आता मागे जावं लागेल, आणि त्यात माझी शोभा आहे. चाळीस वर्षांपूर्वीची मी — वय तेवीस, डोक्यावर मोगऱ्याचा गजरा आणि डोक्यात भुसा. घरातला पहिला टीव्ही वर अक्कांकडे आला. झालं, सगळी कॉलनी वर! माझा नवरा वर, सासू वर, आणि ही महाराणी खाली एकटीच भाकऱ्या थापत बसलेली. अक्का नामपूरच्या, चिडल्या की अहिराणीवर यायच्या. त्यांचा धाकटा भाऊ संबळ वाजवायचा. एका रविवारी सकाळी नऊला त्याचं पथक टीव्हीवर दिसणार होतं. अक्कांनी आठ दिवस आधीपासून साऱ्यांना सांगून ठेवलं, शेवयांची खीर केली.

मी पहाटे गच्चीवर गेले. कारखान्यातला कटर घेऊन अँटेनाच्या वायरचं आवरण चिरलं, आतलं तांबं कापलं, आणि आवरण पुन्हा सारखं करून ठेवलं. बघणाऱ्याला वायर अख्खी! मी डावरी, त्यामुळे माझा काप नेहमी तिरपा पडतो. खाली येऊन खीर कशी झालीये ते बघायला पहिली मीच वर गेले. एवढी मी हुशार...

पडद्यावर नुसत्या मुंग्या. लोक हळूहळू उठून गेले. पुढच्या वर्षी तो भाऊ विहिरीच्या कामावर गेला, दरड कोसळली, राहिलाच नाही. अक्कांनी त्याला टीव्हीवर कधीच पाहिलं नाही.

त्याचं सुतक फिटल्यावर त्या जिन्यात माझ्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माले मालूम शे." मला माहीत आहे. बस. मला पुन्हा त्यावर एक शब्द नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही सांगितलं.

खाली अहिराणी कुणीच बोलत नाही. ओवीने अक्कांना पाहिलेलंही नाही.

तिसऱ्या रविवारी मी इंटरनेटवाल्यालाच नऊला बोलावलं. चांगला पन्नाशीचा, अनुभवी माणूस. तो म्हणाला, "मावशी, वायफायचा नादच सोडा, थेट वायर लावतो." खोक्यातून नवी निळी वायर काढली, दोन्ही टोकांना पिना बसवल्या, टेस्टर लावून दाखवला. सगळे दिवे हिरवे. ओवी टाळ्या वाजवायला लागली.

नऊ वाजले. पडदा काळा. टेस्टरचे दिवेही गेले.

त्याने वायर बोटांनी चाचपत नेली, मध्येच थांबला, ब्लेडने सोलली. वरचं निळं आवरण अखंड होतं, कुठे चीर नाही. आतल्या आठही तारा कापलेल्या.

"असं कसं होईल?" तो म्हणाला. "आत्ता तर चालू होती!"

मी चष्मा लावून पाहिलं. काप तिरपा होता.

ओवी रडत नव्हती. नुसती हेडफोन मांडीवर घेऊन बसली होती, ते जास्त वाईट. "बाबाला वाटेल मी आलेच नाही," ती म्हणाली.

मी तशीच वर गेले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा न बोलावता. संजय पेपर वाचत होता, भिंतीवर अक्कांचा फोटो. मी फोटोखाली उभी राहून सगळं बोलून टाकलं. कटर, गच्ची, खीर... सगळं.

संजयने पेपर घडी करून ठेवला. "आई मरेपर्यंत म्हणत होती. आम्हीच तिला गप्प बसवायचो, काकू. म्हणायचो, उगाच कुणावर आळ घेऊ नको."

"मला क्षमा कर म्हणत नाही मी," मी म्हटलं.

"बरंय. कारण मी करणार नाही."

तेवढ्यात खालून ओवीची किंकाळी — "आजी! लागलं! बाबा आले!"

वायर जमिनीवर तुकडे होऊन पडलेली. कन्सोल वायफायवर आपला आपण लागला होता.

मला वाटलं, सुटले. पुढच्या रविवारी खालीच, आपल्या खुर्चीवर पाय पसरून बसले. नऊला बंद! जिना चढून वर पोचले आणि खाली चालू. दोनदा उतरून पाहिलं, दोनदा बंद पडलं. ओवी ओरडली, "आजी, तू वरच थांब ना!"

तेव्हापासून दर रविवारी नऊ ते दहा मी वर असते. संजय बोलत नाही. मंगल खुर्ची देते, चहा देत नाही. मी अक्कांच्या फोटोसमोर बसते आणि खालून बापलेकीचं हसणं ऐकते. हसणंच फक्त. त्या तासात ती दोघं कशी खेळतात, ते मला कधीच बघायला मिळत नाही.

इंटरनेटवाला वायरचा तो तुकडा घेऊन गेला, अजून त्याला काही उलगडलेलं नाही. हे कसं झालं, ते मलाही माहीत नाही.

अक्कांना मालूम असावं.