विलासकडे राहिलेला चकलीचा डबा

विलासने आमचा चकलीचा डबा परत केला नाही.

उसनी वस्तू परत न देता माणसाने असं निघून जावं, हे कुठल्याही शास्त्रात बसत नाही. मी संस्कृत शिकवतो, मला विचारा.

आज सकाळी चिंचवड स्टेशनसमोर कंपनीच्या बसची वाट बघत उभा होता. तिथेच कोसळला.

बस आली. तो चढला नाही.

माझा मित्र. बावन्न वर्षांचा होता. काल संध्याकाळी फोनवर माझी टर उडवत होता हो!

डब्याचं सांगतो.

विलास चाकणच्या एका कंपनीत टेस्टिंगला होता. हाय व्होल्टेजच्या उपकरणांसाठी इन्सुलेशन, म्हणजे वीज अडवणारं आवरण, बनवतात तिथे. इपॉक्सी रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होऊन दगड बनणाऱ्या चिकात, सिलिकाची नॅनो पावडर मिसळायची. पिठीसाखर तिच्यापुढे खडी वाटेल, इतकी बारीक. दमट हवा लागली की तिचे गोळे होतात. कंपनीतला हवाबंद डबा फुटला, नवा मंजूर होईना, म्हणून हा माझ्या बायकोचा, सुनीताचा, डबा घेऊन गेला.

"अरे, चकलीच्या डब्यात केमिकल?"

"पंडित, पिठल्यात गुठळी राह्यली तर वहिनी तुला बोलत्यात. हितं राह्यली तर आतल्या आत ठिणग्या पडत्यात. वरून हात लाव, गार. आवाज न्हाई, वास न्हाई. वर्षानुवर्षं. अन् एक दिवस धाडकन!"

मग त्याने माझ्या टेबलावर रेझिनचा एक पारदर्शक ठोकळा ठेवला. आत तपकिरी झाड, केसाएवढ्या फांद्यांचं. ठिणग्यांनी खात खात काढलेली वाट.

"पावडर नीट मिसळली की ह्या झाडाला कणाकणाला वळसा घालाय लागतो. तेवढंच आयुष्य वाढतं बघ."

हे वाक्य मी वर्गात दोनदा वापरलंय. त्याचं नाव न घेता.

कानाला न कळणाऱ्या ठिणग्या मशीन लावून पकडणारा माणूस.

आणि आठ दिवस स्वतःच्या छातीत जळजळ, तर म्हणे ॲसिडिटी!

"डॉक्टरला दाखव की राव."

"सॅम्पल टेस्टवर हाय. सोमवारी उतरलं की जातो."

हे कालचंच बोलणं. मी "बरं" म्हणालो आणि विषय बदलला.

सकाळपासून तेच डोक्यात आहे. मी जोर का नाही केला?

विलास, डबा राहू दे तुझ्याकडे. ठोकळा माझ्याकडे आहे. नमस्कार, मित्रा.

जोर केला नाही, कारण त्याने उलट मलाच विचारलं असतं, तुझं काय?

पंधरा दिवस झाले, जिना चढताना माझी छाती आवळल्यासारखी होते. कुणाला सांगितलेलं नाही. घाबरलोय.

सुनीता, समोर बसून सांगायला जमलं नाही, म्हणून इथे लिहिलं.
वाचलंस की रागव. पण आधी रिक्षा बोलाव.