फळवाटप

माझी सहा वर्षांची भाची ओवी मेंदूतली गाठ काढल्यावर पुन्हा बसायला शिकत होती. त्या सकाळी ती पहिल्यांदाच उशीच्या टेक्याशिवाय बसली, आणि नेमके तेव्हाच वॉर्डात फळवाटपवाले शिरले. कुणा साहेबांचा वाढदिवस होता. साहेब चपलांसकट कॉटपाशी आले, मागून त्यांची माणसं. केळं एक आणि ते धरायला हात चार.

"बाळा, इकडे बघ," फोटोवाला म्हणाला.

"ती बघतेच आहे," ताई म्हणाली. ऑपरेशनपासून ओवीचा एक डोळा आत वळलाय, तिला सगळं दोन दोन दिसतं.

"मग टोपी तरी काढा. पेशंट आहे ते कळायला हवं ना!"

मला शिसारी आली. पोर जगतंय, रोज तसूभर पुढे सरकतंय, हे या लोकांना फोटोत नकोच असतं. त्यांना टक्कल हवं, टाके हवेत. मूल सावरायला लागलं की यांची दया अवघडते. त्याहून जास्त किळस माझीच आली. ताईने टोपी घट्ट धरून ठेवली होती आणि मी मात्र सवयीने "थँक्यू साहेब" म्हणून मोकळा झालो.

केळं उशाशी पडलं. ओवीला अजून पातळ पदार्थांशिवाय काही गिळता येत नाही; तिला काय चालतं हे कुणी विचारलंही नव्हतं.

"मामा, ते दोन्ही काका गेले?"

"गेले."

"मग आता मी आडवी होऊ?"