जिवंत वजन

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका खाटकाचं दुकान होतं. मालकाला सगळे ‘सत्तूर’ म्हणत, कारण भांडणात त्याच्या हातातला सत्तूर कधी खाली ठेवलेला कुणी पाहिला नव्हता. माणूस सोन्यासारखा, पण डोकं म्हणजे पेटलेली भट्टी! एकदा गिऱ्हाईक म्हणालं, चरबी जास्त आहे. यानं ती त्याच्याच तोंडावर फेकून मारली, आणि मग मागे धावत जाऊन पैसे परत दिले.

साठी उलटली, मनगट थरथरायला लागलं, तरी गडी थांबेना. बायको म्हणायची, "अहो, पुष्कळ साठलंय. बस करा आता."

"ते जिवंत वजन, बाई! उभं जनावर बघून भुलायचं नसतं. कातडं, हाडं, आतडी काढली की हातात निम्मं येतं. पैशाचंही तसंच. आजारपण काढ, घराची डागडुजी काढ, महागाई काढ. निम्म्यात म्हातारपण निघेल?"

बिचारी परत चुलीकडे वळायची.

एका सकाळी मी पिशवी घेऊन दुकानात उभा होतो. मागच्या खोलीत मेंढा बांधलेला. सत्तूरचा हात थरथरला, वार मानेऐवजी खांद्यात बसला. पिसाळलेल्या मेंढ्यानं दोर तोडला आणि मांडीत अशी धडक दिली की सत्तूर भिंतीवर आपटला. त्याचा मेहुणा हाताखाली काम करायचा. त्यानं एका घावात मेंढा संपवला, हात पुसले आणि म्हणाला, "दाजी, आता घरी बसून लसूण सोला."

झालं! दाजींच्या हातातला सत्तूर भिरभिरत गेला आणि मेहुण्याच्या कानाची पाळी उडवून दारात रुतला. मेहुण्यानं डोकं खाली घालून दाजींच्या तोंडावर टक्कर दिली, दात बाहेर! रक्तात दोघांचे पाय घसरताहेत, एकमेकांचे गळे आवळताहेत. मी? मी वजनकाट्यामागे दडलो, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात सत्तूरची बायको धावत आली. दोघांवर बादलीभर पाणी ओतलं, मग तीच बादली दोघांच्या पाठीत हाणली.

"ताई, कान तोडला गं माझा!"

"दुसरा आहे ना? ओरडू नकोस." मग ती नवऱ्याकडे वळली. "पैशातली हाडं काढता, आणि वर्षांतली? अजून वीस-पंचवीस वर्षं जगणार म्हणता, ते कसलं वजन?"

सत्तूरच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं. हळूच म्हणाला, "जिवंत."

"मग त्यातलंही कातडं काढा की! आत्ताच मेंढा तुम्हाला सोलून गेला असता."

तो लाकडी ठोकळ्याला टेकून बसला. ओठ पुटपुटले. जन्मभर जनावरं तोलली, पण स्वतःची वर्षं मात्र उभीच मोजत आला होता पठ्ठ्या! मग फुटक्या तोंडानं खदखदून हसला.

"निम्मे पैसे, वर्षंही निम्मीच... पुरतंय की गं!"

कमरेचं फडकं सोडून त्यानं मेहुण्याच्या अंगावर फेकलं. "घे. दुकान तुझं."

"खरंच, दाजी?"

उत्तरादाखल पेकाटात लाथ बसली. मेहुणा मेलेल्या मेंढ्यावर जाऊन आडवा झाला.

"ही मालक म्हणून शेवटची," सत्तूर म्हणाला. "उद्यापासून मी गिऱ्हाईक."