दत्तप्रसाद गावंडे यांचा हयातीचा दाखला

आमच्या वरच्या मजल्यावरचे दत्तप्रसाद गावंडे मूळचे विदर्भातल्या दारव्ह्याचे. वीसेक वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुण्यात आले आणि कोथरूडला आमच्या सोसायटीत राहू लागले. बोलणे आता आमच्यासारखेच झाले आहे. फक्त घाबरले की 'का' म्हणायच्या ऐवजी त्यांच्या तोंडून 'काहून' निघते. हिंजवडीच्या एका कंपनीत, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचे त्यांचे काम. पहिल्या भेटीत त्यांनी ते सांगितले, तेव्हा मी म्हटले होते, "याचा पगार मिळतो? आमच्याकडे लोक हे फुकट करतात." ते हसले नाहीत. दोन दिवसांनी जिन्यात भेटले आणि तेव्हा हसले.

माणूस बारीक, शर्ट नेहमी इस्त्रीचा, आणि गळ्यात कंपनीचे कार्ड. रविवारी दूध आणायला निघाले तरी कार्ड गळ्यात. त्यांची बायको श्रद्धा घरी लहान मुलांच्या शिकवण्या घेते. ती म्हणायची, "झोपतानाच काढतात तेवढं. तेही उशाशी ठेवतात."

दर नोव्हेंबरात दत्तप्रसाद मला बँकेत नेतात. माझे यजमान खडकीच्या कारखान्यात होते. त्यांच्यामागे मला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि त्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. हल्ली मोबाइलला चेहरा दाखवूनही तो देता येतो. मला ते पटत नाही. आपण जिवंत आहोत हे माणसासमोर जाऊन सांगावे. आम्ही शनिवारी जायचो, तोही बँक उघडी असलेला शनिवार बघून, कारण या कामासाठी रजा मागण्याची दत्तप्रसादांची हिंमत नव्हती.

गेल्याच्या गेल्या वर्षी यंत्राने माझा अंगठा घेतला नाही. बोटावरच्या रेषा झिजल्या आहेत.

"यंत्र नाही म्हणतंय, आजी," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"मी हो म्हणतेय ना."

"तुमचं हो चालत नाही."

दत्तप्रसादांनी रुमाल भिजवून आणला, माझा अंगठा चोळला, पुन्हा यंत्रावर ठेवला. तरी नाही. तिसऱ्यांदा कधीतरी हिरवा दिवा लागला. मी सहज हसले, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारले, "काकू, घेतलाच नसता तर?"

"मग मी मेले असते. कागदोपत्री. पैसे बंद."

"तुम्ही तिथं उभ्या असून?"

"उभं राहिल्याचे पैसे कोणी देत नाही."

यावर काहीतरी टोला येईल असे मला वाटले होते. ते रस्त्याकडे बघत राहिले.

त्याच महिन्यात त्यांच्या कंपनीच्या मालकांचा एका इंग्रजी वर्तमानपत्रात लेख आला. मालकांचे नाव इंद्रजीत. पुढच्या काळात माणसांची पुष्कळ कामे यंत्रे करतील, तेव्हा आपल्यासारख्या श्रीमंतांवर सरकारने कर वाढवावा आणि त्यातून प्रत्येक सज्ञान माणसाला दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, कोणतीही अट न घालता, असा त्यांचा प्रस्ताव होता. लेख चांगला लिहिला होता. मी तो दोनदा वाचला.

संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर दुसरा विषय नव्हता. सत्यशीलाबाई आयकर खात्यातून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, "श्रीमंत माणूस आपणहून कर मागायला लागला की मी आधी माझी पर्स चाचपते."

"देतायत तर घ्यावं की," श्रद्धा म्हणाली. "लोक आळशी होतील म्हणे. सुंदराबाईंच्या खात्यात सरकारचे पैसे दरमहा येतात. त्या भांडी घासायला यायच्या थांबल्या का? उलट दात करून घेतले त्यांनी."

"दीड हजारात कोण थांबेल? थांबण्याइतके दिले तर बोल."

"तुम्हाला पेन्शन मिळते ती थांबण्याइतकीच ना? तुम्ही आळशी झालात?"

"मी चौतीस वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्यात. ती पेन्शन नव्हे, नुकसानभरपाई आहे."

सगळ्या हसल्या. दत्तप्रसाद स्कूटरला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात यावर वादविवाद ठेवलाय. चिठ्ठ्या टाकल्या. माझी विरुद्ध बाजू निघाली."

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याकडे इंग्रजी घटवायला येऊ लागले. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी जसे शिकवले होते तसे मी त्यांना शिकवले: दोन्ही पायांवर सारखा भार, हात बाजूला, शेवटच्या रांगेतला एक चेहरा निवडायचा आणि त्याच्याशी बोलायचे. ते उभे राहायचे, दोन वाक्ये म्हणायचे आणि बसायचे.

"मालकाच्या विरुद्ध बोलायचं, मालकासमोर, मालकाच्या भाषेत," ते म्हणाले. "चिठ्ठी काढताना दुसरी का नाही उचलली मी?"

त्यांनी इंटरनेटवरून मुद्दे काढले होते. लोक काम सोडतील, महागाई वाढेल, श्रीमंत लोक परदेशात जातील. ते मुद्दे त्यांच्या तोंडी भाड्याच्या कोटासारखे दिसत होते.

"यातलं तुम्हाला काय पटतं?" मी विचारले.

"काहीच नाही. पैसे मिळावेत असंच वाटतं मला. दारव्ह्याला माझा भाऊ आहे, त्याला मिळाले तर त्याची पोरं शिकतील."

"मग घाबरता कशाला?"

ते खुर्चीत टेकले. गळ्यातले कार्ड बोटांत फिरवू लागले. "काकू, हा माणूस पंधरा वर्षं दर सभेत करावर ओरडायचा. आता म्हणतो, माझ्याकडून जास्त घ्या. त्याला असं काय दिसलंय, जे मला दिसत नाहीये? काहून म्हणत असेल तो असं?"

मी म्हटले, "हेच बोला."

वादविवाद झाला. श्रद्धाने मला तो तिच्या मोबाइलवर दाखवला. मोठे सभागृह, पहिल्या रांगेत इंद्रजीत, साधा सदरा घातलेले, वयाने दत्तप्रसादांहून लहानच. दत्तप्रसाद दोन्ही पायांवर भार देऊन उभे होते. त्यांनी बँकेतला प्रसंग सांगितला, माझ्या अंगठ्याचा. नुसते समोर उभे राहणे पुरत नाही हे सांगितले. मग म्हणाले, "सर, मला प्रस्ताव मान्य आहे. फक्त एक विचारायचंय. आधी पैसे सुरू होणार, की आधी आमची कामं जाणार?"

इंद्रजीत उठले आणि टाळ्या वाजवू लागले, मग सगळ्यांनी वाजवल्या. ते व्यासपीठावर गेले, दत्तप्रसादांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, हा आजचा सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे, दोन्ही एकाच वेळी व्हावे असा माझा प्रयत्न राहील. पहिले बक्षीस दत्तप्रसादांना मिळाले.

श्रद्धाने चित्र थांबवले. "चांगलं बोलले ना?"

"कोण?" मी विचारले.

पडद्यावर दत्तप्रसाद हातात करंडक धरून थांबलेले होते, आणि ते मालकांकडे बघत नव्हते, शेवटच्या रांगेकडे बघत होते.

मार्चमध्ये त्यांना मालकांच्या ट्रस्टमधून बोलावणे आले. सरकार कधी करेल तेव्हा करेल, आपण आपल्या पैशाने छोटा प्रयोग करावा, असे इंद्रजीत यांनी ठरवले होते. कंपनीतल्या ज्यांचे काम कमी होणार आहे अशा चाळीस जणांनी आपणहून नोकरी सोडायची. त्यांना दोन वर्षे दरमहा पगाराच्या निम्मी रक्कम मिळेल. मग या रकमेने माणसाचे काय होते ते लिहून सरकारला सादर करायचे. सक्ती अजिबात नव्हती. पहिले नाव दत्तप्रसादांचे होते. प्रश्न त्यांनी विचारला होता, तेव्हा मान त्यांचा.

त्या संध्याकाळी दोघे नवराबायको माझ्याकडे बसले होते. चहा तसाच राहिला.

"चुका काढायचं काम आता यंत्रच करतं," दत्तप्रसाद म्हणाले. "मी यंत्राने काढलेल्या चुका बघतो. त्याने काही सोडलंय का ते."

"सापडतं का काही?"

"पूर्वी सापडायचं."

श्रद्धा म्हणाली, "घ्या म्हणते मी. हातातलं घ्यावं. पुढे नुसतं काढून टाकलं तर काय करणार?"

"मी विचारलं त्यांना," ते म्हणाले. "म्हटलं, नाही म्हणालो तर नोकरी राहील का? ते म्हणाले, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. फार गोड बोलले. पण राहील असं नाही म्हणाले, काकू."

"माणूस वाईट आहे का तो?" मी विचारले.

"नाही ना. तेच तर. वाईट असता तर मी भांडलो असतो."

शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचे होते. शुक्रवार गेला. मी विचारले नाही. उत्तर कळेपर्यंत ते 'नाही'च आहे असे मानता येते. रोज सकाळी मी खिडकीशी बसायची आणि त्यांच्या स्कूटरचा आवाज ऐकायची. आवाज आला की माझा दिवस सुरू व्हायचा. एप्रिल गेला, मे गेला, स्कूटर जात राहिली, आणि त्यांनी नाही म्हटले असणार असे मी धरून चालले. पण रात्री दिवा मालवला की वाटायचे, नाही म्हटले असेल तर त्यांना आता कोणत्याही दिवशी घरी पाठवतील. हो म्हटले असेल तर तो दिवस ठरलेला आहे. दोन्हींत मला झोप येत नसे. माझे निवृत्तिवेतन मी मरेपर्यंत आहे, त्याची काळजी नाही. तरी महिनाअखेर आली की खात्यात पैसे आल्याचा मेसेज दिसेपर्यंत मी फोन दहादा उघडून बघते. इतकी वर्षे झाली तरी बघते. हे त्यांना कसे सांगणार?

गणपतीत खाली मांडव उभा राहिला आणि सगळ्यांच्या गाड्या बाहेर गल्लीत गेल्या. दहा दिवस काही ऐकू आले नाही. मांडव उतरल्यावर स्कूटरचा आवाज कधी अकराला यायचा, कधी चारला, कधी नाहीच. वरून मुलांच्या पाढ्यांचा आवाज मात्र वाढला. श्रद्धाने शिकवणीची आणखी एक तुकडी घेतली होती.

नोव्हेंबर लागला. दत्तप्रसाद सकाळी दारात आले. "चला काकू, बँकेत जाऊन येऊ."

"आज बुधवार आहे. शनिवारी जाऊ की."

"आता कोणताही वार चालतो."

गळ्यात कार्ड नव्हते. शर्ट इस्त्रीचा होता. माझी चप्पल पायात जाईना.

रिक्षात त्यांनी सांगितले. ट्रस्टला त्यांनी हो म्हटले होते, सप्टेंबरपासून सुटले. पैसे एक तारखेला येतात, अगदी वेळेवर. दर महिन्याला ट्रस्टमधली अस्मिता नावाची मुलगी फोन करते. बरे आहात का, दिवस कसा जातो, झोप लागते का, असे विचारते आणि लिहून घेते. बोलणे इंग्रजीत, कारण ते साठवून वर पाठवायचे असते.

"आणि बरा नाही म्हटलं तर?"

"ते अजून करून पाह्यलं नाही."

"दोन वर्षांनी काय?"

"काहून विचारता, काकू," ते म्हणाले.

बँकेत मुलगी तीच होती. अंगठा दोनदा ठेवला, दोनदा लाल दिवा लागला. दत्तप्रसादांनी खिशातून रुमाल काढला. तो घरूनच भिजवून आणलेला होता. ते माझा अंगठा पुसत होते तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिले, रुमाल माझ्या हातात दिला आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. दोन्ही पायांवर सारखा भार, हात बाजूला, नजर दूर शेवटच्या काउंटरवर. स्वच्छ, सावकाश इंग्रजीत त्यांनी सांगितले की मी बरा आहे, माझा वेळ चांगला जातो, मला झोप लागते, आपले आभार.

मी अंगठा यंत्रावर ठेवून कान देऊन ऐकत होते. उच्चारात एकही चूक नव्हती.

"आजी, झालं," मुलगी म्हणाली. "घेतलं यंत्राने."